कोट पडले, कागद उरले

किल्ला म्हटला, की मराठी मनापुढे प्रथम उभे राहतात ते रायगड, राजगड आणि प्रतापगड. सह्याद्रीचे कडे, ढगांत बुडालेली माची, दोन बुरुजांआड दडलेला महादरवाजा. या भव्य चित्राची सवय झालेल्या डोळ्यांना गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे आणि डिचोली या महालांतले कोट अगदी किरकोळ वाटतात. कुठे नदीकाठी चार जांभ्या दगडांच्या भिंती, कुठे गाळाने भरत आलेला खंदक, कुठे बुरुजाच्या सांधीत मुळे रोवून बसलेला पिंपळ. पाहुणा आला तर तो समुद्रकिनाऱ्याकडे जातो. वाटेतल्या कोटाकडे वळून पाहण्याचे त्याला कारण वाटत नाही. परंतु मोठ्या गडांवर राज्यांचा इतिहास घडला, तसा या लहान कोटांत घराण्यांचा इतिहास घडला; आणि घराण्यांचा इतिहास हा आपणां सर्वांच्या अधिक जवळचा असतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या मूळ गावी एखादी गढी असेल, नाहीतर गढीची निदान आठवण असेल. म्हणून या महिन्यात त्यांना या दोन महालांतून, आणि शेजारच्या सत्तरीतून, हिंडवून आणावे असे आम्ही योजिले आहे.

प्रथम भूगोल ध्यानी घ्यावा. गोव्याच्या अगदी उत्तरेस तेरेखोलची नदी. तिच्या दक्षिणेस पेडणे महाल. पेडण्याच्या दक्षिण सीमेवरून जी नदी वाहते, तिला वरच्या अंगाला तिळारी म्हणतात, मध्ये कोलवाळची नदी म्हणतात आणि समुद्राला मिळताना शापोरा म्हणतात. या नदीच्या पलीकडे बार्देश. बार्देश सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या हाती आले. म्हणूनच जुन्या मुलखास ‘जुनी काबिजाद’ आणि या मुलखास ‘नवी काबिजाद’ असे नाव पडले. याचा अर्थ असा, की जवळजवळ अडीचशे वर्षे ही नदी म्हणजे दोन राज्यांची, दोन धर्मांची आणि दोन कायद्यांची सीमा होती. सीमेवर राहणाऱ्यास घर बांधून भागत नाही; त्याला कोट बांधावा लागतो.

हे कोट बहुतेक सावंतवाडीच्या भोसल्यांचे. कुडाळ प्रांताची देशमुखी मिळवून उदयास आलेले हे घराणे कधी आदिलशाहीच्या, कधी छत्रपतींच्या, तर कधी पोर्तुगीजांच्या बाजूस उभे राहून आपले अस्तित्व राखीत आले. तेरेखोलचा किल्ला त्यांचा, हळर्णचा किल्ला त्यांचा, डिचोलीचा कोटही त्यांच्याच ताब्यात होता. तत्पूर्वी डिचोलीने छत्रपती संभाजी महाराजांची छावणी पाहिली होती. १६८३ च्या अखेरीस महाराजांनी गोव्यावर स्वारी केली, तेव्हा औरंगजेबाचा बंडखोर शाहजादा अकबर याच परिसरात होता. डिचोलीचे नमाजगाह त्याच्या वास्तव्याची आठवण म्हणून परंपरेने दाखविले जाते. त्याच्याही आधी, १६६८ साली, शिवछत्रपतींनी डिचोली महालातील नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार केला. त्याचा शिलालेख देवळात आहे. दिवाड बेटावरील मूळ देवालय पोर्तुगीजांनी पाडले होते आणि देव नदी ओलांडून नार्व्यास आला होता. नदीच्या या काठाला किती अर्थ होता, हे एवढ्यावरून समजावे.

आता हळर्णची कथा. पेडणे महालात नदीच्या काठी हा छोटा भुईकोट उभा आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्याच वर्षी वाडीकर भोसल्यांनी बार्देशात घुसून किल्ले सोडून बाकीचा मुलूख व्यापला होता. ही नामुष्की धुऊन काढण्यासाठी पुढे लिस्बनहून जो व्हाइसरॉय आला, त्याचे नाव पेद्रु मिगेल द आल्मैदा. कास्तेलु नोव्हु येथील मार्क्विस असा त्याचा किताब होता. त्याने ५ मे १७४६ रोजी हळर्णचा किल्ला घेतला. पाठोपाठ डिचोली आणि साखळी पडली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तेरेखोलही गेले. पोर्तुगालच्या राजाला या विजयाचा एवढा आनंद झाला, की त्याने या सरदाराची जुनी पदवी बदलून १७४८ साली त्यास ‘हळर्णचा मार्क्विस’ केले. पोर्तुगीज जिभेवर हळर्णचे ‘आलोर्ना’ झाले होते.

एवढ्यावर कथा थांबत नाही. या मार्क्विसची नात लिओनोर द आल्मैदा ही पुढे पोर्तुगीज भाषेतील नामवंत कवयित्री झाली आणि तीही ‘आलोर्नाची मार्क्विस’ याच नावाने साहित्याच्या इतिहासात राहिली. तागुस नदीकाठी आल्मैरीं येथे या कुटुंबाची द्राक्षबाग होती. तिला ‘किंता द आलोर्ना’ म्हणतात आणि त्या नावाचे मद्य आजही बाटलीत भरले जाते. तिळारीच्या काठावरील, नकाशात शोधावे लागणारे एक गाव अशा रीतीने युरोपातल्या सरदाराच्या नावात, कवयित्रीच्या सहीत आणि मद्याच्या बाटलीवर जाऊन बसले. आणि मूळ कोट? तो काही वर्षांनी पुन्हा भोसल्यांकडे गेला, पुन्हा पोर्तुगीजांनी घेतला, आणि नंतर त्याची कोणालाच गरज उरली नाही. सीमाच पुढे सरकल्यावर सीमेवरच्या कोटाचे काय काम?

सीमा कशी सरकली, हेही पाहण्याजोगे आहे. १७८१ पासून दोन-तीन वर्षांत पोर्तुगीजांनी डिचोली, साखळी आणि पेडणे हा भाग पुन्हा जिंकला. परंतु पेडणे कायमचे गेले ते १७८८ च्या तहाने. कोल्हापूरकरांनी वाडीवर स्वारी केली होती. खेम सावंतांना मदत हवी होती. पोर्तुगीजांनी मदत दिली आणि तिचे मोल म्हणून पेडणे लिहून घेतले. भाऊबंदकीच्या आगीत हात शेकणारा शेजारी नेहमीच भेटतो! हळर्णच्या भिंती तोफांनी कोसळल्या, तरी त्या पुन्हा बांधता आल्या होत्या. तहाच्या कागदावरची रेघ मात्र १९६१ पर्यंत पुसता आली नाही.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीत आम्ही मुलांना हळर्णला नेले होते. तेव्हा सातवीतल्या एका मुलाने विचारले, “सर, हा किल्ला कोणाचा?” आम्ही भोसल्यांचे नाव सांगितले. त्याने पुन्हा विचारले, “तेव्हाचा नव्हे. आता कोणाचा?” पुरातत्त्व खात्याचा, असे उत्तर देऊन वेळ निभावता आली. पण प्रश्न साधा नव्हता. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे आम्हांस सुचलेले थोडे सविस्तर उत्तर होय.

या प्रश्नावर विचार करताना आम्हांस आयर्लंडची आठवण येते. तो देश प्रत्यक्ष पाहण्याचा योग आलेला नाही. वाचनातून जे समजले तेवढेच सांगतो. आयर्लंडच्या माळरानावर आणि नदीकाठांवर जागोजागी उंच, चौकोनी, दगडी मनोरे भग्नावस्थेत उभे आहेत. राजांचे किल्ले नव्हेत ते. घराण्यांची राहती घरे. तळमजल्यावर कोठार, भिंतीच्या जाडीतून वर जाणारा अरुंद चक्री जिना, सर्वांत वर कुटुंबाची बैठक. आपल्या गढीचेच ते भावंड म्हणावे. फरक एवढाच, की गढी आडवी पसरते आणि मनोरा उभा चढतो. पंधराव्या, सोळाव्या आणि सतराव्या शतकांत असे मनोरे हजारोंनी उभे राहिले. १४२९ साली इंग्लंडच्या राजाने डब्लिनच्या आसपासच्या आपल्या मुलखात ठरावीक मापाचा मनोरा बांधणाऱ्यास दहा पौंड अनुदान देऊ केले होते. २० फूट लांब, १६ फूट रुंद आणि ४० फूट उंच, असे ते माप. म्हणजे घर बळकट करण्यास सरकारी साहाय्य! सीमेवरचे जगणे सगळीकडे सारखेच.

परंतु खरा धडा पुढे आहे. १५४० नंतर आठव्या हेन्री राजाने आयरिश घराण्यांसाठी एक नवी तोड काढली. घराण्याच्या नायकाने आपली जमीन राजाच्या स्वाधीन करावी. राजा तीच जमीन त्याला परत देईल आणि वर इंग्रजी सरदारकीचा किताब देईल. वरवर पाहता यात नायकाचे काहीच जात नव्हते. ओब्रायन घराण्याचा प्रमुख १५४३ साली अर्ल झाला. ओनील घराण्याचा प्रमुख त्याच्या आदल्या वर्षी झाला. पण आयरिश रूढीप्रमाणे जमीन एकट्या नायकाची नव्हतीच. ती साऱ्या कुळाची होती. जे त्याचे एकट्याचे नव्हते ते त्याने दिले, आणि परत मिळाले ते मात्र त्याचे एकट्याचे झाले. शिवाय काल जो हक्क होता, तो आज राजाची मेहेरबानी झाला. हक्क हिरावून घ्यावा लागतो; मेहेरबानी नुसती थांबविली तरी पुरते. साठ-पासष्ट वर्षांतच, १६०७ साली, ओनीलांच्या अर्लला आपल्या साथीदारांसह जहाजात बसून देश सोडावा लागला. क्रॉमवेलच्या तोफा त्यानंतर चाळीस वर्षांनी आल्या. मनोरे तोफांनी पाडले असे लोक म्हणतात, पण त्यांचा पाया कागदाने आधीच पोखरलेला होता.

हाच खेळ आमच्या डिचोली-सत्तरीत झाला. साखळीचे आणि सत्तरीचे राणे हे येथले बलाढ्य घराणे. डोंगराळ, दाट रानाचा मुलूख. पायवाटा त्यांच्याच माणसांना ठाऊक. भोसल्यांचे ते मांडलिक, पण भोसल्यांशी त्यांचे पटत नसे. पोर्तुगीजांनी हे हेरले आणि १७४६ च्या मोहिमेत सत्रोजी राण्यांस आपल्या बाजूस घेतले. पुढे जे करारमदार झाले त्यांत राण्यांचे वतन, त्यांचे मोकासे, त्यांचे मानपान पोर्तुगीज सरकारने मान्य केले. राण्यांना वाटले, आपला हक्क कबूल झाला. सरकारच्या लेखी मात्र तो सरकारने दिलेला हक्क होता. एकाच कागदाचे दोन अर्थ झाले, आणि त्या दोन अर्थांमध्ये पुढली सव्वाशे-दीडशे वर्षे रक्त सांडत राहिले.

सत्तरीत वाळपईजवळ नाणूसचा किल्ला आहे. बांधणीच्या दृष्टीने तो हळर्णाहूनही साधा. पण २६ जानेवारी १८५२ रोजी दीपाजी राण्यांनी तो अकस्मात काबीज केला आणि नव्या करांविरुद्ध, रूढ हक्कांवरील आक्रमणाविरुद्ध जे बंड पुकारले, ते सुमारे साडेतीन वर्षे चालले. अखेर १८५५ साली सरकारला तडजोड करावी लागली. म्हणजे पुन्हा एक कागद! १८६९ पासून दोन वर्षे कुष्टोबा राणे रानावनांतून लढत राहिला. त्याचे नाव कोंकणीतल्या देखणी गीतात गुंफले गेले आणि ज्यांनी सत्तरी कधी पाहिली नव्हती, अशा साष्टी-बार्देशातल्या घरांतही ते गायिले गेले. १८९५ च्या सप्टेंबरात मोझांबिकला जाण्याचा हुकूम झालेले मराठे शिपाई बिघडले, नाणूसला येऊन ठाण मांडून बसले आणि दादा राण्यांचे बंड त्यांना येऊन मिळाले. या बंदोबस्तासाठी पोर्तुगालच्या राजाचा सख्खा भाऊ आफोंसु सैन्य घेऊन समुद्रमार्गे गोव्यास आला. १८९७ साली सार्वत्रिक माफी जाहीर झाली खरी; पण दादा राण्यांच्या नशिबी दूर तिमोर बेटावरची हद्दपारी आली. १९१२ साली आणखी एक उठाव झाला, आणि तो शेवटचा ठरला.

ही बंडे स्वातंत्र्याची होती, की वतनाची? विद्वानांत यावर वाद आहे. आमचे मत विचाराल तर हा प्रश्नच थोडा तिरका आहे. त्या काळच्या मनुष्यास आपले वतन, आपला गाव, आपला देव आणि आपले स्वातंत्र्य ही चार निरनिराळी खणे करून ठेवता येत नव्हती. दीपाजी राण्यांनी हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची भाषा केली नसेल. पण आपला हक्क ही कोणाची मेहेरबानी नव्हे, एवढे त्यांनी स्पष्ट सांगितले. स्वातंत्र्याचे पहिले वाक्य बहुधा हेच असते. याच साखळीच्या राणे घराण्यातील प्रतापसिंह राणे १९८० साली गोव्याचे मुख्यमंत्री झाले, आणि ३० मे १९८७ रोजी गोव्यास घटक राज्याचा दर्जा मिळाला तेव्हाही तेच मुख्यमंत्री होते. ज्या नावाच्या बंदोबस्तासाठी लिस्बनहून राजपुत्र पाठवावा लागला, ते नाव लोकांच्या मतांनी राज्याच्या प्रमुखपदी बसले.

पेडण्यात दुसरे चित्र दिसते. तेथील देशप्रभू घराण्याने लढाईचा मार्ग न घेता राज्यकर्त्यांशी जमवून घेतले. पोर्तुगालच्या राजाने त्यांना पेडण्याचे व्हायकाऊंट हा किताब दिला. त्यांचा अनेक चौकांचा वाडा पेडण्यात आजही पाहावयास मिळतो. हळर्णच्या खंदकात झाडे वाढली, नाणूसच्या भिंती खचल्या आणि वाडा मात्र उभा राहिला. यावरून लढणारे शहाणे की जमवून घेणारे शहाणे, असा निवाडा करण्याचा मोह होतो. आम्ही तो करीत नाही. ज्याच्या दारात संकट उभे असते, त्यालाच आपला मार्ग निवडावा लागतो. दोनशे वर्षांनी खुर्चीत बसून गुण देणे सोपे आहे. आयर्लंडमध्येही असेच झाले. ज्या ओब्रायनांनी अर्लपद स्वीकारले त्यांचा बनरॅटी येथील वाडा नंतर पडीक झाला होता, पण त्याची दुरुस्ती होऊन १९६० साली तो लोकांना खुला झाला आणि तेथे पर्यटकांना जुन्या थाटाची मेजवानी मिळू लागली. आमच्या तेरेखोलच्या किल्ल्यातही पुढे हॉटेल झाले. पण तेरेखोलकडे त्याहून मोठे संचित आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींच्या एका तुकडीने किल्ल्यात शिरून तेथे तिरंगा फडकविला होता. तो फार वेळ राहिला नाही. पण भोसल्यांनी बांधलेल्या आणि पोर्तुगीजांनी घेतलेल्या त्या भिंतींवर निःशस्त्र माणसांनी, तोफेविना, काही काळ आपला हक्क सांगितला, ही गोष्ट राहिली.

येथवर घराण्यांविषयी लिहिले. पण त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर घराण्यांपाशी संपत नाही. हे कोट बांधले कोणी? जांभ्याचे चिरे कोणी काढले, डोक्यावरून कोणी वाहिले, खंदकातला चिखल कोणी उपसला? त्यांची नावे कुठल्या सनदेत नाहीत. वतनदाराच्या हक्कास निदान कागद होता. राबणाऱ्या कुळाच्या हक्कास तोही नव्हता. गोव्यात जमीनदारास भाटकार म्हणतात आणि त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यास मुंडकार. भाटकाराने उठ म्हटले की मुंडकाराने उठावे, अशी रीत होती. मुक्तीनंतर, १९६४ साली, कुळकायदा झाला. १९७५ साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा झाला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन हे तत्त्व आले. जुन्या काबिजादीत, नव्या काबिजादीत, कोटवाल्यांच्या गावात आणि देवळाच्या जमिनीवर राबणाऱ्या माणसाच्या हाती त्या वेळी पहिल्यांदा त्याच्या बाजूचा कागद आला. तो अजूनही सगळ्यांच्या हाती पोचलेला नाही. सत्तरीत जमिनीच्या मालकीचा प्रश्न मुक्तीनंतरही वर्षानुवर्षे लोकांच्या तोंडी राहिला. पेडण्यात मोपच्या पठारावर विमानतळ झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. आणि ज्या जमिनीवर काल काजूची झाडे आणि गुरे होती, तिच्या किमती ऐकून जुन्या माणसांची मती गुंग होते. अशा वेळी घरातला जुना कागद कोणाच्या नावावर आहे, यावर माणसाचे छप्पर अवलंबून असते. सतराशे अठ्ठ्याऐंशीतली गोष्ट म्हणून जिला आपण कंटाळतो, ती अशी दारात येऊन उभी राहते.

म्हणून आम्हांस वाटते, की पडक्या कोटांची काळजी घेणे म्हणजे केवळ दगडांवर चुना लावणे नव्हे. दगडाचे काम सरकारने करावे. गोव्यात त्यासाठी १९७८ पासून प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, आणि हळर्णच्या किल्ल्याची दुरुस्तीही अलीकडच्या वर्षांत पुरातत्त्व खात्याने केली आहे, हे चांगलेच झाले. पण त्या दगडांचा अर्थ कागदांत आहे. सत्तरीतल्या पिसुर्ले गावी १८९४ साली पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर जन्मले. त्यांनी पणजीच्या पुराभिलेखागारात आयुष्य वेचले. पोर्तुगीज दप्तरांबरोबर शेजारच्या राजांशी झालेला पत्रव्यवहार चाळला आणि मराठे व पोर्तुगीज यांच्या संबंधांचा इतिहास जगापुढे मांडला. राण्यांच्या मुलखातल्या एका मुलाने फिरंग्यांची दप्तरे वाचून आपल्या माणसांची बाजू शोधून काढली, यासारखी समाधानाची गोष्ट नाही. पुढे त्याच पिसुर्ल्याचे नाव लोहखनिजाच्या खाणींसाठी अधिक ऐकू येऊ लागले. डोंगर पोखरून खनिज काढणारे पुष्कळ मिळतात. दप्तर पोखरून सत्य काढणारा एखादाच.

आता आमच्या वाचकांशी दोन शब्द. आपण इंदूरला असाल, ग्वाल्हेरला, बडोद्याला, बेळगावला, तंजावरला किंवा येथे गोव्यात असाल. आपल्या घरच्या माळ्यावर एखादे रुमाल बांधलेले बासन असण्याचा संभव आहे. मोडी लिपीतले असेल. कोणाला वाचता येत नाही म्हणून ते पडून असेल, किंवा घर रंगविताना रद्दीत निघाले असेल. ते टाकू नका. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत. ती होती म्हणण्याची पाळी येण्यापूर्वी त्यांच्याकडे जा. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय आहे, पणजीचे पुराभिलेखागार आहे. अशा ठिकाणी निदान त्याची प्रत पोचवा. त्यात पराक्रमच निघेल असे नाही. कदाचित भावाभावांतला तंटा निघेल, कदाचित कर्जरोखा निघेल, कदाचित आपल्या पूर्वजाने एखाद्या कुळावर केलेला अन्यायही निघेल. तेही वाचावे. कुलवृत्तान्त म्हणजे आरतीचे पुस्तक नव्हे. आणि मुलांना जेव्हा आपल्या घराण्याचा कोट दाखवाल, तेव्हा तो बांधविला कोणी हे सांगून झाल्यावर बांधला कोणी हेही सांगावे.

नार्व्याचे देऊळ साडेतीनशे वर्षे टिकले, कारण तेथे रोज कोणीतरी दिवा लावीत आले. शेवटची मोठी दुरुस्ती होऊन २०२३ साली ते पुन्हा भक्तांसाठी खुले झाले, पण दुरुस्ती नसतानाही दिवा होताच. कोटाला असा दिवा लागत नाही. लढाई संपली, पहारेकरी गेले, की तो एकटा पडतो. त्याच्याकडे जाण्याचे कारण आपणच निर्माण केले पाहिजे. आणि त्याची गोष्ट खरी सांगणे, हेच ते कारण. तसे केले तर आता हा किल्ला कोणाचा, या प्रश्नाला खात्याचे नाव सांगून वेळ निभावण्याची गरज शिक्षकास पडणार नाही. ज्यांना त्याची पुरती गोष्ट ठाऊक आहे, त्या सर्वांचा तो आहे, असे त्यास निःशंकपणे सांगता येईल.